आठवा मुद्दा

"तुझं शुद्धलेखन चांगलं आहे म्हणून आले," असं म्हणत उफाडे बाईंनी पिशवीतून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. "खुलासा लिहून दे. तीन दिवसांत द्यायचाय."

आमच्या घराला दोनच पायऱ्या आहेत. त्या चढून येताना बाईंनी दाराची चौकट घट्ट धरली होती, ती अजून सोडली नव्हती. मी ज्या निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून काम करायचे ती त्यांच्याकडे सरकवली. त्या बसल्या आणि उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून सरळ केला. मग म्हणाल्या, "वाच. मोठ्यानं वाच. बघू तुला तरी काही कळतंय का."

मी वाचायला लागले. गटशिक्षणाधिकारी कार्यालयाची कारणे दाखवा नोटीस होती. प्रति, श्रीमती प्रयाग उफाडे, सहशिक्षिका, प्राथमिक शाळा, कोल्हेवस्ती. "आपण दिनांक बारा रोजी वर्गभेटीच्या वेळी खुर्चीवर बसलेल्या अवस्थेत आढळून आलात. खुर्चीमुक्त वर्ग अभियानांतर्गत शाळेतील खुर्ची जमा केलेली असताना आपण घरून खुर्ची आणून अभियानाचा अवमान केला आहे. 'आनंदी वर्गात शिक्षकाची खुर्ची नेहमी रिकामी असते; कारण शिक्षक मुलांमध्ये असतो' या तत्त्वास आपण हरताळ फासला असून..."

मी थांबले.

"काय झालं?" बाई म्हणाल्या.

"काही नाही. अक्षर बारीक आहे."

अक्षर बारीक नव्हतं. अवतरणातलं ते वाक्य माझं होतं. त्यातला अर्धविरामसुद्धा माझा होता.

"महिना झाला टेम्पो आला होता," बाई सांगायला लागल्या. "वस्तीवरच्या पोरांना वाटलं काहीतरी वाटायला आणलंय. तर दोन माणसं उतरली आणि माझी खुर्ची घेऊन गेली. सही घेतली माझी. खुर्ची एक, लाकडी, सुस्थितीत. मी म्हणलं, अहो, माझ्या गुडघ्याच्या वाट्या झिजल्यात, डॉक्टरचा कागद आहे. ते म्हणायलेत, वरून आदेश आहे. मग मी काय करू? घरून नेली एक. बसले. त्या दिवशीच साहेब आले."

"मूर्ख माणूस आहे," मी एकदम ओरडले. "शाळेत कधी पाऊल ठेवलंय का त्यानं? कुणीतरी काहीतरी लिहितं आणि हे लोक उचलून आदेश काढतात! लाज वाटायला पाहिजे!"

माझा आवाज इतका चढला की आई आतून बाहेर आली. बाई माझ्याकडे कौतुकानं बघायला लागल्या. आपल्यासाठी कुणीतरी इतकं चिडतंय, असं त्यांना वाटलं असणार. मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. कागद पुढं ओढला आणि खुलासा लिहायला बसले.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. डी.एड. होऊन सहा वर्षं झाली होती आणि सहा वर्षांत शिक्षकांची भरती निघाली नव्हती. माझ्या बॅचच्या चाळीस जणींपैकी कुणी साडीच्या दुकानात होती, कुणी पतसंस्थेत. मला पुण्याच्या एका वेबसाईटचं काम मिळालं होतं. शिक्षकांसाठी लेख लिहायचे. लेख म्हणजे याद्या. 'गणिताची भीती घालवण्याचे नऊ मार्ग.' 'पहिल्या दिवशी वर्गात करायच्या सात गोष्टी.' 'प्रत्येक शिक्षकानं टाळाव्यात अशा पंधरा चुका.' ज्या बाईला स्वतःचा वर्ग मिळाला नव्हता ती आठवड्याला पाच याद्या लिहून वर्ग असलेल्यांना शहाणपण शिकवत होती. आणि लोक वाचायचे. मोबाईलवर एकमेकांना पाठवायचे.

वेबसाईटचं काम बघणारा ओजस नावाचा मुलगा होता, माझ्याहून चार वर्षांनी लहान. शाळेबद्दल त्याला एवढंच आठवत होतं की ती त्याला आवडत नव्हती. पण कोणतं शीर्षक लोक उघडतात हे त्याला बरोबर कळायचं. मे महिन्यात मी त्याला 'आनंदी वर्गाच्या सहा खुणा' पाठवलं, तेव्हा त्याचा लगेच फोन आला.

"ताई, सहा नाही चालणार. सहा म्हणजे काहीच नाही. अकरा करा."

"पण मला सहाच माहीत आहेत."

"ताई, विचार केला की सुचतं. अकरा. दहा शाळकरी वाटतात, बारा लांब वाटतात. संध्याकाळपर्यंत द्या."

ते सहा मुद्दे खरे होते, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. ते मी उफाडे बाईंच्या वर्गात पाहिले होते. डी.एड.च्या दुसऱ्या वर्षी आम्हाला एखाद्या शाळेत प्रत्यक्ष शिकवण्यासाठी पाठवायचे. मला कोल्हेवस्ती मिळाली होती. चाळीस दिवस मी बाईंच्या वर्गात मागे बसून वही भरली. चुकलेलं मूल पाटी लपवत नाही, दाखवायला आणतं. नवं मूल आलं की जुनी मुलं सरकून जागा करतात. बाईंना एखादी गोष्ट येत नसली तर त्या "मला येत नाही, उद्या विचारून येते" असं सांगतात. असं सगळं. ते मी वहीतून उतरवून काढलं होतं.

उरलेले पाच मुद्दे मी त्या संध्याकाळी निळ्या खुर्चीत बसून, पाय स्टुलावर ठेवून, भुईमुगाच्या शेंगा खात रचले. आठव्या मुद्द्याला चार मिनिटं लागली असतील. वाक्य जमलं म्हणून मी स्वतःवर खूशही झाले होते.

लेख छापला गेला तो 'शिक्षणतज्ज्ञ डॉ. अ. वि. सहस्रबुद्धे, अध्यापनाचा तीस वर्षांचा अनुभव' या नावानं. आमचे सगळेच लेख त्या नावानं जायचे. ते डॉक्टर ओजसनं तयार केले होते. फोटोसुद्धा कुठून तरी आणला होता, पांढऱ्या मिशांचा.

बाई खुलासा घेऊन गेल्यावर मी ओजसला फोन लावला.

"त्या अकरा खुणांमधला आठवा मुद्दा काढायचाय."

"का? काय झालं?"

मी सांगितलं. टेम्पो, खुर्च्या, गुडघे, नोटीस. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे सरकारी अभियान झालं आपल्या पोस्टवर? ताई, हे तर भारी आहे! हे लिहायला पाहिजे कुठंतरी."

"ओजस, त्या बाईंची नोकरी चार वर्षं राहिली आहे."

"हो, वाईट आहे. पण त्यात आपली काय चूक? आपण काय टेम्पो पाठवला का? आणि ती पोस्ट सध्या सगळ्यात जास्त वाचली जातेय. तिला हात लावू नका, प्लीज."

मी फोन ठेवला आणि घरभर येरझारा घातल्या. आईला सांगितलं की जग नालायक माणसांनी भरलेलं आहे. आईनं विचारलं, "काय केलं कुणी?" मी म्हणाले, "सगळ्यांनीच."

तिसऱ्या दिवशी बाईंबरोबर मीही पंचायत समितीत गेले. पायऱ्या चढायला त्यांना हात द्यायचा होता, असं मी त्यांना सांगितलं. गटशिक्षणाधिकारी रत्नपारखी साहेब उंच, नीटनेटके आणि बोलायला गोड होते. त्यांच्या टेबलासमोर एकही खुर्ची नव्हती.

"या बाई. उभ्यानंच बोलू," ते बसल्या बसल्या म्हणाले. "माझ्या दालनातही आता एकच खुर्ची ठेवलीय मी. सुरुवात स्वतःपासून करावी."

बाईंनी खुलासा दिला. साहेबांनी चष्मा लावून तो वाचला. एका ठिकाणी ते हसले.

"'सदर वाक्य कोणा अनुभवी शिक्षकाचे वाटत नाही.' हे काय लिहिलंय बाई?" त्यांनी खणातून छापील पानं काढली. पांढऱ्या मिशांचा फोटो वर होता. "डॉक्टर सहस्रबुद्धे. तीस वर्षं शिकवलंय त्यांनी. आणि तुम्ही म्हणता अनुभव नाही?"

ते वाक्य मी खुलाशात घातलं होतं, बाईंनी नुसती खाली सही केली होती.

"साहेब," मी म्हणाले, "असे कुणी डॉक्टर नाहीत. तो लेख मी लिहिलाय."

बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला ते दिसलं नाही, पण माझ्या उजव्या गालाला ते जाणवलं.

"तुम्ही कोण?"

"सत्यशीला हनवते."

"कुठल्या शाळेवर आहात?"

"कुठल्याच नाही. डी.एड. झालंय. भरती नाही."

"म्हणजे तुम्ही शिकवत नाही."

"नाही."

"आणि शिक्षकांनी कसं शिकवावं हे तुम्ही लिहिलं."

"हो."

"मग मी तुमच्यावर विश्वास कशाला ठेवू?"

"तेच तर सांगतेय साहेब!" माझा आवाज चिरकला. "नका ठेवू! माझ्यावर विश्वास ठेवून तुम्ही तालुक्यातल्या खुर्च्या उचलल्यात!"

साहेबांनी शांतपणे पेनाला टोपण लावलं. "पुरावा?"

मी तिथंच ओजसला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. साहेबांनी स्वतःची ओळख दिली आणि विचारलं, हा लेख कुणाचा आहे? ओजस अगदी सभ्य आवाजात म्हणाला, "सर, आमचे सगळे लेखक अनुभवी शिक्षणतज्ज्ञ आहेत. सत्यशीलाताई आम्हाला टायपिंगला मदत करतात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी फोनवर काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. साहेबांनी शिपायाला हाक मारली, आणि बाईंना सांगितलं की पुढच्या शनिवारी तालुक्याची शिक्षण परिषद आहे, तिथं आपण सगळ्यांसमोर या विषयावर बोलू.

बाहेर व्हरांड्यात बाई कठड्याला टेकल्या. मला वाटलं, आता त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चाळीस दिवस होतीस तू माझ्या वर्गात," त्या म्हणाल्या. "मी खुर्चीत बसायचे. पोरं पाट्या घेऊन माझ्याभोवती यायची. बघितलंस ना रोज?"

"हो बाई."

"मी बसले म्हणून कोणतं लेकरू मागं राहिलं? एक नाव सांग."

"कुणीच नाही."

"मग लिहिलंस कसं?"

"अकरा पाहिजे होते. एक कमी पडत होता."

"काय कमी पडत होता?"

"मुद्दा."

"एकच कमी होता ना?" बाई म्हणाल्या. "मग मला फोन करायचा. मी दिला असता की."

आणि कठडा धरून, माझा हात न घेता, एकेक पायरी उतरून त्या गेल्या.

शनिवारी मी परिषदेला गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण दारावर कुणी विचारलंही नाही. पर्स आणि डबा घेतलेली बाई शिक्षिकाच असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. सभागृहात दीडशेएक शिक्षक खाली सतरंजीवर बसले होते. म्हातारे मुख्याध्यापक भिंतीला टेकून, पाय लांब करून बसले होते. एक गरोदर शिक्षिका कूस बदलत होती. खुर्च्या फक्त व्यासपीठावर होत्या, सहा. मी मागे उभी होते तिथून त्यांच्या पाठी दिसत नव्हत्या, पण पुढे कडेला बसलेल्या उफाडे बाईंनी काहीतरी पाहिलं आणि शेजारणीला कोपरानं ढोसलं. तेव्हा मी कडेनं पुढं सरकले. व्यासपीठावरच्या प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगानं शाळेचं नाव लिहिलेलं होतं. जमा केलेल्या खुर्च्यांतल्याच चांगल्या निवडून पाहुण्यांसाठी मांडल्या होत्या. कडेच्या खुर्चीवर विस्तार अधिकारी बसले होते, आणि त्यांच्या पाठीमागे लिहिलं होतं, 'कोल्हेवस्ती'.

रत्नपारखी साहेबांचं भाषण चांगलं होतं. खोटं कशाला बोलू? त्यांना खरंच वाटत होतं की ते काहीतरी मोठं करतायत. कार्यालयाचे ऑपरेटर तांबोळी यांनी लॅपटॉपवर वेबसाईट उघडली होती आणि प्रोजेक्टरनं ती भिंतीवर पडली होती. एकेक मुद्दा वर सरकत होता आणि साहेब त्यावर बोलत होते. आठव्यापाशी ते थांबले.

"आता हा मुद्दा. आपल्या तालुक्यानं राज्याला दिलेली देणगी म्हणा. पण आपल्यातल्याच एक भगिनी आहेत, ज्यांना तो पटत नाही. उफाडे बाई, उभ्या राहा."

बाई पुढच्या रांगेत होत्या. एका हातानं जमीन, दुसऱ्या हातानं शेजारणीचा खांदा धरून त्या उठायला लागल्या. दीडशे माणसं ते बघत होती. उठायला त्यांना किती वेळ लागला कुणास ठाऊक. तेवढ्या वेळात साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला, प्यायले, खाली ठेवला.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी ती आतापर्यंत लपवली, तेव्हाही सगळ्यांपासून लपवली होती. ते लेख वेबसाईटवर मीच चढवायचे. ओजसला कंटाळा होता, म्हणून त्यानं पहिल्याच महिन्यात मला पासवर्ड दिला होता. बाई नोटीस घेऊन आल्या त्या दुपारी, त्या खुर्चीत बसलेल्या असताना, मी त्यांच्यासमोर मोबाईलवर तो मुद्दा पुसू शकले असते. साहेबांवर ओरडताना, ओजसवर ओरडताना, आईपाशी जगाला नावं ठेवताना, अकरा दिवस, तो पासवर्ड माझ्या हातात होता. मी पुसला नाही, कारण मग काम गेलं असतं.

बाई उभ्या राहिल्या. साहेब म्हणाले, "गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिलंय. दुखणं कुणाला नसतं? पण मुलांसाठी..."

मी मोबाईल काढला. दोनदा पासवर्ड चुकला. आठवा मुद्दा पुसला आणि त्या जागी टाईप केलं. चुका राहू नयेत म्हणून एकदा वाचलं. मग बटण दाबलं आणि जितक्या मोठ्यानं बोलता येईल तितक्या मोठ्यानं म्हणाले, "तांबोळी सर, ते पान परत उघडा."

सगळे माझ्याकडे वळले. तांबोळींना वाटलं असेल, कुणाला तरी नीट दिसत नाहीये. त्यांनी पान परत उघडलं. भिंत क्षणभर पांढरी झाली आणि मग अक्षरं आली.

'८. हा मुद्दा खोटा आहे. अकरा भरायला कमी पडत होता म्हणून मी तो घरी, खुर्चीत बसून रचला. मी एकाही शाळेत नोकरी केलेली नाही. डॉ. सहस्रबुद्धे नावाचे कोणी नाहीत. सत्यशीला हनवते, डी.एड.'

पुढच्या एका गुरुजींनी ते मोठ्यानं वाचलं, वर्गात वाचतात तसं, प्रत्येक शब्दावर थांबून. आधी कुणी हसलं नाही. मग भिंतीला टेकलेल्या म्हाताऱ्या मुख्याध्यापकांपैकी एक हसायला लागले आणि ते हसू सतरंजीवरून मागेपर्यंत पसरत गेलं. त्यात मजा नव्हती. सहा आठवडे उभ्या राहिलेल्या माणसांचं हसू होतं ते.

"हा सायबर गुन्हा आहे!" साहेब ओरडले. "तांबोळी, बंद करा ते! कोण आहे ती? बाहेर काढा तिला!"

तांबोळींनी प्रोजेक्टर बंद केला, पण सावकाश.

मला बाहेर काढायला कुणी उठलं नाही. उठल्या होत्या त्या फक्त उफाडे बाई, आणि त्या आता चालायला लागल्या होत्या. व्यासपीठाला तीन पायऱ्या होत्या. त्या चढून बाई कडेच्या खुर्चीपाशी गेल्या आणि विस्तार अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "साहेब, उठा. ही माझ्या शाळेची आहे. हिची सही माझ्या नावावर आहे."

विस्तार अधिकारी उठले. बहुतेक सवयीनं; बाई समोर उभ्या राहिल्या की कुणीही उठलं असतं. बाई बसल्या, उजवा पाय दोन्ही हातांनी सरळ केला आणि रत्नपारखी साहेबांकडे वळून म्हणाल्या, "हं. आता विचारा, काय विचारायचंय ते."

साहेबांनी चहाची सुट्टी जाहीर केली.

परिषद संपल्यावर मी बसस्टँडवर गेले, तर बाई तिथल्या बाकावर होत्या. मी थोडं अंतर ठेवून उभी राहिले. त्यांनी हातानं बाक थोपटला, तेव्हा बसले. मला वाटत होतं की आता त्या मला काहीतरी चांगलं म्हणतील. सभागृहातून बाहेर पडताना तीन अनोळखी शिक्षिकांनी माझा हात हातात घेतला होता आणि माझी छाती फुगलेली होती.

"बाकीचे मुद्दे कुठून आणले होतेस?" बाईंनी विचारलं.

"सहा तुमच्या वर्गातले. वहीत लिहिले होते मी."

"आणि उरलेले चार?"

मी पर्सचा बंद चाळवायला लागले.

"ते पण रचलेले?"

"हो."

"कोणते कोणते?"

मी एकेक सांगितला. मुलांनी रोज एकदा टाळ्या वाजवल्या पाहिजेत. भिंतीवर रिकामी जागा दिसता कामा नये. शिक्षकाच्या कपड्यांचे रंग प्रसन्न असावेत. आनंदी वर्गात एकही मूल खिडकीबाहेर बघत नाही.

"खिडकीबाहेर बघत नाही?" बाई माझ्याकडे वळल्या. "अगं, आमच्या खिडकीतून मेंढरं दिसतात. पोरं तीच मोजत वीसच्या पुढं शिकली. तू होतीस की तेव्हा."

"होते."

"मग आज एकच का काढलास? मला टोचला तेवढाच?"

मी घाईनं मोबाईल काढला. पासवर्ड टाकला. चुकीचा आहे, असं आलं. पुन्हा टाकला. तिसऱ्यांदा टाकल्यावर खातं बंद केल्याची सूचना आली. वेबसाईट उघडून बघितली, तर आठवा मुद्दा होता तसा परत आला होता, अर्धविरामासकट. वर पांढऱ्या मिशांचे डॉक्टर हसत होते. ओजसला अर्धा तास पुरला होता.

बाईंची गाडी आली. मी हात पुढं केला. तो त्यांनी धरला, चढल्या आणि खिडकीशी बसल्यावर म्हणाल्या, "घरी जा. जेव काहीतरी."

खुर्च्या दिवाळीच्या आत परत आल्या. आदेश मागे घेतल्याचं पत्र कधीच निघालं नाही. एक दिवस टेम्पो आला आणि शाळेशाळेत खुर्च्या उतरवून गेला, पुन्हा सही घेऊन. बाईंच्या नोटिशीचं पुढे काही झालं नाही; नोटीस मागेही घेतली नाही आणि कारवाईही केली नाही. माझ्याविरुद्ध तक्रार देण्याचं साहेब बोलले होते, पण ती दिली असती तर डॉक्टर सहस्रबुद्ध्यांचा पत्ता द्यावा लागला असता. मी पतसंस्थेत नोकरीला लागले. मी केलं ते पुरेसं होतं, असं मी स्वतःला सांगत राहिले आणि हळूहळू मला ते पटायलाही लागलं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, पतसंस्थेत गर्दी असताना, बाईंचा फोन आला.

"नवीन तपासणी फॉर्म आलाय," त्या म्हणाल्या. "खुर्चीचा रकाना नाही त्यात."

"बरं झालं बाई!"

"ऐक. 'वर्गात खिडकीबाहेर पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या' असा रकाना आहे. साहेब मोजणार आहेत म्हणे. आमच्या मुख्याध्यापकांनी भिऊन खालच्या दोन्ही खिडक्यांना वर्तमानपत्र चिकटवलंय खळ लावून. आत अंधार झालाय. आज पहिलीचं एक लेकरू विचारायलंय, बाई, मेंढरं कुठं गेली?"

काउंटरवर लोक पावत्या पुढं करत होते. मी फोन कानाला धरून उभी राहिले.

"बाई, मी आता काय करू शकते? पासवर्ड नाही माझ्याकडे. साहेबांना पुन्हा सांगून बघते. एक अर्ज लिहिते, तुम्ही सही..."

"अर्ज नको," बाई मला तोडून म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग होता. व्हरांड्यात त्यांनी जो दाखवला नव्हता तो आता, दहा महिन्यांनी आला होता. "खिडकीचं तू लिहिलंस ना?"

"मीच लिहिलं."

"मग उद्या सकाळी शाळेत ये. आणि त्या लेकराला तूच सांग."